रेवानं वाहिलेला झेंडू

…तर ती पाकळी निघाली कपाटाच्या स्टीलच्या पत्र्याखाली. झेंडूची, पिवळी, सुकून कागदासारखी झालेली. सुपरवायझरबाईंनी ती चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, "ही कुणाची?" काल इथपर्यंत सांगून झालं होतं, तेवढ्यात सोसायटीत पाणी आलं आणि आमची कट्ट्यावरची बैठक बादल्यांमागं धावली. आज पाणी सकाळीच येऊन गेलंय. तेव्हा कुणी मधेच उठायचं नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सुरू करतो. रेवा ही माझी नात. इंद्रजीतची मुलगी, वय वीस. शिरढोणच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की एक कंपनी लागते, तिथं ती केळीची रोपं करते. तीही काचेच्या बरणीत. कोंबाचा हरभऱ्याएवढा तुकडा कापायचा, बरणीतल्या पांढऱ्या जेलीवर ठेवायचा, झाकण लावायचं आणि ट्यूबलाइटखाली मांडणीवर ठेवून द्यायचं. काही आठवड्यांत त्या एका तुकड्याला पिल्लं फुटतात. मग पिल्लांचे तुकडे, त्या तुकड्यांची पुन्हा पिल्लं. टिश्यू कल्चर म्हणतात त्याला. जेली म्हणजे आपलं चायनाग्रासच, फक्त त्यात साखर आणि औषधं घातलेली. आणि गूळ उघडा दिसला की मुंगळे येतात, तशी त्या जेलीवर बुरशी टपलेली असते. म्हणून कापाकापी एका काचेच्या कपाटात चालते. त्यात गाळलेली हवा सारखी वाहत असते. हात स्पिरिटनं पुसायचे, चिमटा जाळावर धरायचा, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. आमच्या घरात बाळंतिणीच्या खोलीतही एवढं सोवळं कुणी पाळलं नव्हतं.

एवढं लक्षात ठेवा, पुढचं आपोआप कळेल.

आता मला राग कशाकशाचा आहे ते सांगतो. पहिला राग आमच्याच भावकीचा.

रेवा बारावीला चांगल्या मार्कांनी सुटली, पण डॉक्टरकीच्या परीक्षेत कमी पडली. कमी पडली म्हणजे काय, लाखो पोरं बसतात आणि जागा मूठभर. कुणीतरी कमी पडणारच. पण आमच्याकडं असं झालं की सुतक पडल्यासारखी माणसं भेटायला येतात. कुणी म्हणालं, आता बीएस्सी कर आणि लग्नाचं बघा. कुणी म्हणालं, ब्यूटी पार्लरचा कोर्स काढ, रोडपालीला सेक्टर वाढतायत, धंदा बसेल. पोरगी महिनाभर खोलीचं दार लावून बसली होती. मग एक दिवस बाहेर आली आणि म्हणाली, "आबा, पनवेलला एक डिप्लोमा आहे. बायोटेक्नॉलॉजीचा. कम्युनिटी कॉलेजमध्ये. एक वर्ष शिकवतात, मग कंपनीत काम शिकायला पाठवतात."

त्याच आठवड्यात भावकीत साखरपुडा होता. माझ्या थोरल्या भावाचा नातू निनाद, हा आमच्या खानदानातला पहिला इंजिनीअर. पानावर बसल्या बसल्या त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कम्युनिटी कॉलेज? कुठल्या कम्युनिटीचं गं? आगऱ्यांचं का कोळ्यांचं?"

अख्खी पंगत हसली. रेवा पापड मोडत होती, ती मोडतच राहिली. मी म्हटलं, "निनाद, तू एवढा इंजिनीअर झालास आणि घरचा मिक्सर बंद पडला तर अजून रामू वायरमनला हाक मारतोस. तू कुठल्या कॉलेजचा ते आमी कधी विचारलं का?"

"आबा, तुम्ही मनावर घेता," तो म्हणाला. "मी तिच्या भल्याचं बोलतोय. जिथं कुणालाच कुठं ॲडमिशन मिळत नाही, ती मुलं तिथं जातात."

मनावर घेऊ नको तर काय पानावर घेऊ? मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस. आमच्या गुरुजींनी नाव घालताना एवढंच विचारलं होतं की पोरगा रोज येईल का. तेवढ्यावर मी शिकलो आणि तेवढ्या शिक्षणावर कळंबोलीच्या लोखंड बाजारात मुकादमकी केली. आणि गंमत बघा, रेवाच्या त्या कॉलेजातही तिला टक्के विचारलेच नाहीत. कुबरा मुकादम म्हणून तिथल्या मॅडम आहेत, पनवेलच्याच. त्यांनी विचारलं, "रोज येशील ना?" हे ऐकलं आणि मी भामाला, म्हणजे आमच्या बायकोला, म्हटलं की शाळा चांगली आहे.

मी ती जाऊन पाहिली. एका मोठ्या कॉलेजच्या मागच्या अंगाला, जिथं आधी कॅन्टीन होतं तिथं भरते. ओट्यावर अजून तेलाचे डाग आहेत. बरण्या निर्जंतुक करायचं यंत्र महाग, म्हणून मॅडमनी दोन मोठे प्रेशर कुकर आणून गॅसवर चढवले होते. शिट्ट्या व्हायला लागल्या की मोठ्या कॉलेजातली मुलं खिडकीतून विचारायची, आज काय, बिर्याणी का? ते काचेचं कपाट खिडक्या बसवणाऱ्या माणसाकडून बनवून घेतलेलं. वर्गात एक बाई लहान मुलाला शेजारणीकडं ठेवून यायची, एक पोरगा मोबाइलच्या दुकानातलं काम सोडून आला होता. पण सगळे पांढऱ्या ॲप्रनात. मी दारात उभा राहून बघत बसलो. माझी नात त्या काचेत हात घालून केळीचा कोंब सोलत होती, आणि तिच्या हाताला कंप नव्हता. त्या दिवशी मी येताना पनवेलच्या बाजारातून पेढे घेतले. भामा म्हणाली, "कशाचं पेढं?" मी म्हटलं, "केळीचं."

पहिल्या दिवसाचा धडा मात्र मी पाहिला नाही, तो रेवानं सांगितला. तो नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मॅडमनी प्रत्येकापुढं जेलीची एकेक ताटली ठेवली आणि म्हणाल्या, तुम्हाला जे स्वच्छ वाटतं ते हिला लावा. कुणी धुतलेलं बोट टेकवलं, कुणी अंगठी, कुणी मोबाइलची पाठ. रेवानं केसातलं अबोलीचं फूल काढून ठेवलं. ताटल्या झाकून कपाटात ठेवल्या. काही दिवसांनी काढल्या तर सगळ्यांच्याच ताटलीत काहीबाही उगवलेलं, पण रेवाची ताटली म्हणजे हिरव्याकाळ्या लोकरीचा गोळा. फूल दिसतच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "फूल केसांत घाल, देवाला घाल, पाव्हण्याला दे. त्याची इज्जत तिथं. या दाराच्या आत फूल म्हणजे बिलकुल दुश्मन."

रेवानं हे घरी येऊन सांगितलं तर भामा भडकली. "फूल दुश्मन? असं कंच्या शाळंत शिकवतान?"

"आजी, फुलाचा दोष नाही. त्याच्यावर बुरशीचं बी असतं, डोळ्यांना दिसत नाही."

"मना नको शिकवू. मी तुझ्या बापाला वाढवलाय, तवा कुठं होती तुझी बुरशी?"

"तेव्हाही होती, आजी. तुझं इडलीचं पीठ फुगतं ना, ते पण असल्याच न दिसणाऱ्या जिवांमुळे."

भामानं दोन दिवस इडली केली नाही. पण तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईला सांगत होती, "अगो, आपलं पीठ फुगतं ना, त्याच्यात बारीक बारीक जिवानू असतान. आमची रेवा शिकतंय ना त्याचंच."

असं ते वर्ष गेलं. मग कंपनीत काम शिकायला पाठवलं, कंपनीला पोरगी आवडली, ट्रेनी म्हणून ठेवून घेतली. दिवाळीनंतर कायम करू म्हणाले. त्या कॉलेजातून त्या कंपनीत गेलेली पहिली पोरगी आमची. तिचं बरं झालं तर मागून आणखी पाच पोरं घेऊ, असं कंपनीनं कुबरा मॅडमना तोंडी कबूल केलं होतं.

आणि मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यार बसतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी त्याला काम नाही. धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. शेती होती तेव्हा नांगर आणि कोयता बसायचा. शेती सरकारनं शहरासाठी घेतली, आता माझ्या भाताच्या खाचरावर चार मजले उभे आहेत, पण कोयता अजून बसतो. इंद्रजीतचा डंपर बसतो. त्याच्या स्टिअरिंगला हार घातल्याशिवाय त्याची आई त्याला चावी देत नाही. लोखंड बाजारात तर विचारू नका. एका वर्षी एका शेठनं घाई केली, म्हणाला पूजा उद्या करू, आज एवढा माल उतरवा. आमचा क्रेनवाला खाली उतरला आणि बिडी ओढत बसला. म्हणाला, "शेठ, मी उचलतो, पण हूकला कुंकू नाय तर हूकची जबाबदारी तुमची." शेठ परराज्यातला माणूस, पण स्वतः नारळ घेऊन आला. ज्यानं आपलं पोट भरतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, यात वाईट काय आहे? मला तरी दिसत नाही.

रेवाच्या कंपनीतही पूजा झाली. गेटची झाली, जनरेटरची झाली, बॉयलरची झाली. साहेबांनी एकच ताकीद दिली होती, दुसऱ्या दाराच्या आत काही न्यायचं नाही. दुसऱ्या दाराच्या आत ते कपाट.

सकाळी भामानं रेवाच्या पिशवीत डब्याशेजारी झेंडूची फुलं आणि हळदकुंकवाची पुडी ठेवली. म्हणाली, "तुझ्या हत्याराला वाह." पोरीनं पिशवी खांद्याला लावली. दुपारी सगळे बाहेर प्रसादाला जमले होते. रेवा आत गेली. टोपी घातली, मास्क लावला, हात स्पिरिटनं पुसले, सगळं जसं शिकवलं तसं. फक्त कपाटात गाळलेली हवा सोडणारा पंखा बंद होता. तिनं चिमटा आणि पात्याची दांडी काचेच्या कपाटात शेजारी शेजारी मांडली, हळदकुंकवाचं बोट लावलं, एक झेंडू ठेवला, हात जोडले आणि काच खाली ओढून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. ऑक्टोबरची उकड तुम्हाला माहीत आहे. त्या बंद कपाटात ते फूल शिजत बसलं. सुट्टीनंतर ती सगळ्यांच्या आधी गेली, फूल उचललं, सगळं पुन्हा पुन्हा स्पिरिटनं पुसलं आणि कामाला लागली. पण फुलाचा थोडा चुरा पत्र्याच्या भोकांतून खाली गेला होता. दिवसभर त्याच कपाटावर बाकीच्या पोरींनीही काम केलं.

पुढच्या आठवड्यात बरण्यांत काळे ठिपके दिसले. मग लोकर दिसायला लागली. एक मांडणी, मग शेजारची, मग तिच्या शेजारची. कुणाला कळेना कुठून येतंय. पाणी तपासलं, साखर तपासली, हवेचा फिल्टर तपासला. बिघडलेल्या बरण्या उकळून फेकायच्या असतात, ते काम ट्रेनींनी करायचं. रेवा घरी यायची ती कपड्यांना आंबूस वास घेऊन. जेवायची नाही. विचारलं तर म्हणायची, दमले. शेवटी कपाट खोललं, तळाचा पत्रा उचलला, आणि ती पाकळी.

"ही कुणाची?" बाईंनी विचारलं.

आणि रेवा म्हणाली, "माझी."

काल जे राहिलं होतं ते हे. आता खरा राग इथून पुढं आहे.

मला वाटलं होतं, आता तिला बोलतील. बोलायलाच पाहिजे. चूक केली आहे, नुकसान झालं आहे, मी त्यांच्या जागी असतो तर मीही आवाज चढवला असता. पण तिला कुणी फारसं बोललंच नाही. बोलले ते तिच्या कॉलेजला. ऑफिसात मीटिंग झाली आणि मोठ्या मोठ्या डिग्रीवाल्यांनी मान हलवली, की हे कम्युनिटी कॉलेजवाले, यांना बेसिकच नसतं. आता ऐका. त्याच दिवशी बाहेरच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकालाही कुंकू लागलेलं होतं, आणि त्याच्या नळीला तांदूळ चिकटलेले. ते लावणारे एमएस्सी झालेले होते. ती खोली दाराबाहेरची म्हणून तिथं काही बिघडलं नाही, एवढंच. पण त्यांच्या युनिव्हर्सिटीचं बेसिक कुणी काढलं नाही. मोठ्या कॉलेजातला माणूस चुकला तर तो माणूस चुकतो. लहान कॉलेजातलं पोर चुकलं की अख्खं कॉलेज चुकतं. हा कुठला न्याय आहे? मला कुणीतरी समजावून सांगा. मी सातवी शिकलोय, सावकाश सांगितलं तर कळेल.

दोन दिवसांनी सुपरवायझरबाईंनी रेवाला बाजूला घेतलं. बाई वाईट नाहीत, त्यांनी भल्याचंच सांगितलं, आणि त्याचाच मला जास्त राग आहे. म्हणाल्या, "सोमवारी साहेब तुला बोलावतील. त्यांना वर कारण कळवायचंय. तू फक्त म्हण की असं काही कॉलेजात शिकवलं नव्हतं. मग ट्रेनिंगमधली चूक होईल, तुझी होणार नाही. तू कायम होशील. फार तर पुढच्या वर्षी त्या कॉलेजची मुलं घेणार नाहीत. तुझं त्यात काय जातंय?"

रात्री आमच्या घरात सभा बसली. इंद्रजीत म्हणाला, "बोलून टाक. एक वाक्य आहे. त्या कॉलेजाचं कॉलेज बघून घेईल." निनादला फोन न करताच बातमी पोचली होती, त्याचा फोन आला, "मी तेव्हाच म्हटलं होतं ना." मी म्हटलं, "तू तेव्हा काय म्हटलं होतंस ते मला पाठ आहे, आता फोन ठेव." भामा कोपऱ्यात लसूण सोलत होती. सोलून झालेलाच लसूण सोलत होती. शेवटी म्हणाली, "माझं नाव सांग. म्हातारीनं भरीस घातली म्हन. मना काय, मी काय कंपनीत जातंय?"

"आजी, तू फुलं पिशवीत ठेवलीस," रेवा म्हणाली. "दार मी उघडलं."

"मग सांगणार काय तू?" इंद्रजीतनं विचारलं.

ती म्हणाली, "यूम्नाला मी माझा ॲप्रन देऊन आलेय." यूम्ना ही मागच्या वर्गातली पोरगी. पुढच्या वर्षी याच कंपनीत यायची होती. कंपनीचा नवा मिळाला, मग ॲप्रन उगाच दोन कशाला म्हणून रेवानं आपला कॉलेजातला तिला दिला होता. एवढंच बोलली आणि झोपायला गेली. इंद्रजीत माझ्याकडं बघून म्हणाला, "आबा, ही काय करणार आहे?" मी म्हटलं, "मला काय माहीत. पण सोमवारी मी बरोबर जाणार."

सोमवारी इंद्रजीतची खेप होती, तो सुटला. मी टोपी घातली, कोट घातला आणि रिक्षातून निघालो. वाटेत रेवानं बजावलं, "आबा, तुम्ही यायचं, बसायचं, पण बोलायचं नाही."

"का?"

"तुम्ही क्रेनची गोष्ट सांगाल."

सांगणारच होतो. कळंबोलीचा पूल ओलांडेपर्यंत माझं भाषण तयार झालं होतं. जमीन गेली इथपासून सुरुवात होती. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, कुणाकडं? मी म्हटलं, मोहितेसाहेबांकडं, पाहुणे म्हणून. रेवानं कपाळाला हात लावला.

उदयसिंह मोहिते कराडकडचे. मोठा माणूस, आवाज मऊ. उठून उभे राहिले, "या आजोबा, बसा," म्हणाले, चहा मागवला. मला भांडायला आलेल्या माणसाला असा चहा देणं मुळीच आवडत नाही. अर्धा राग कपातच जातो.

"रेवा," ते म्हणाले, "मला वर रिपोर्ट द्यायचाय. ट्रेनिंग कमी पडलं असं मी लिहितो. तू फक्त हो म्हण. बाकी मी बघतो."

"ट्रेनिंग कमी पडलं नाही, सर."

"म्हणजे हे शिकवलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. माझ्याच केसातलं फूल होतं ताटलीत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी कप खाली ठेवला. मला राहवेना. म्हटलं, "साहेब, एक विचारतो. बाहेरच्या सूक्ष्मदर्शकाला कुंकू लागलं होतं म्हणे. ते कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

"आबा," रेवा म्हणाली.

साहेब मग खाली बघून म्हणाले, "आजोबा, तो तांदूळ मीच वाहिला होता."

आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं. पण मी सोडणारा नव्हतो. म्हटलं, "मग वर तुमच्या युनिव्हर्सिटीचं पण लिहा." साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते चहात बुडवलं आणि पुन्हा रेवाकडं वळले.

"तुला माहीत होतं, तरी केलंस. का?"

ती मग म्हणाली, "गेटला फूल मिळालं, बॉयलरला मिळालं. घरी बाबांच्या डंपरला मिळालं. माझ्याच हत्याराला नाही. वाटलं, एक फूल, नंतर पुसून घेईन. स्पिरिटनं सगळं जातं असं धरून चालले. ते चुकलं."

"हे मी असंच लिहिलं तर तू कायम होत नाहीस. कळतंय ना? चूक सगळी तुझ्या नावावर जाते."

"कळतंय, सर."

"आणि तू फक्त हो म्हणालीस तर होतेस."

"तेही कळतंय."

मी त्या वेळी काय करत होतो ते सांगतो. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. कारण पोरीकडं बघितलं असतं तर मी म्हटलं असतं, हो म्हण गं बाये. एवढा माझा अंगात आलेला राग, कंपनीवरचा, भावकीवरचा, त्या डिग्रीवाल्यांवरचा, पण त्या क्षणी माझ्याही मनात तेच आलं जे इंद्रजीतच्या मनात होतं. एक वाक्य आहे, बोलून टाक. ती माझ्या शेजारी बसलेली, हात मांडीवर ठेवून, नखं बारीक कापलेली, आणि हाताला कंप नव्हता.

साहेबांनी कागद पुढं ओढला आणि काहीतरी लिहिलं. लिहून झाल्यावर म्हणाले, "ठीक आहे. जे झालं ते तुझ्या नावावर. उद्यापासून कपाटावर बसायचं नाही. बाटल्या आणि बरण्या धुवायच्या खोलीत जायचं, ट्रेनी म्हणूनच. सहा महिन्यांनी बघू. मान्य नसेल तर आजच मोकळी हो, चांगलं सर्टिफिकेट देतो."

मी उठून उभा राहिलो. बरण्या धुवायला? जी कोंब सोलायला शिकली तिला? मी म्हटलं, "चल गं." रेवानं माझ्या कोटाची बाही धरून मला परत खाली बसवलं.

"आणि तुझ्या कॉलेजचं," साहेब पुढं म्हणाले, "त्या पाच मुलांचं मी अजून ठरवलेलं नाही. तूच सांग, घेऊ का नको? आणि घेतली तर उद्या त्यांच्यातलं कुणी पुन्हा फूल आत नेणार नाही हे मला कोण सांगणार?"

यावर ती जे बोलली ते मी जसंच्या तसं सांगतो. एक शब्द माझा नाही. मी घातला असता तर लांबलं असतं.

"धुवायचं मान्य आहे, सर. मुलं घ्या. पहिल्या दिवशी त्यांना आधी माझ्याकडे त्या धुवायच्या खोलीत पाठवा, आणि ती पाकळी तुम्ही फेकली नसेल तर मला द्या, म्हणजे ती हातात धरून मला त्यांना सांगता येईल, ही माझी."